सावली शेजाऱ्याची, मग दावा कोणावर?

प्रश्न : साताऱ्यातल्या आमच्या घरावर गेल्या मे महिन्यात 3 किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली. सहाही पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या साखळीत, आहेत. नोव्हेंबरपासून दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या जिन्याच्या खोलीची सावली दोन पॅनलवर पडते आणि वीजनिर्मिती निम्म्याहून खाली आली आहे. खोली जुनीच आहे. ठेकेदार म्हणतो, सावलीला मी काय करणार? शेजाऱ्यांवर दावा लावू का?

उत्तर : शेजाऱ्यांवर दावा लावू नका. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात उजेडाचा हक्क 20 वर्षांच्या अखंड वहिवाटीने मिळतो, आणि तोही इमारतीच्या खिडक्या-दारांतून येणाऱ्या उजेडाचा. तुमचे पॅनल कालचे, त्यांची खोली जुनी. खोली विनापरवाना असेल तर नगरपालिका काय ती कारवाई करील, पण तुमची नुकसानभरपाई त्यातून निघणार नाही. उगाच शेजारधर्म मोडेल.

तुमची खरी तक्रार ठेकेदाराविरुद्ध आहे आणि ती भक्कम आहे. मे महिन्यात साताऱ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा त्या खोलीची सावली गच्चीवर दिसलीच नसणार. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालाही दक्षिणेकडे क्षितिजापासून 49 अंशांवर असतो आणि अडीच मीटर उंच खोलीची सावली दोन मीटरच्या पुढे जाते. हे ठाऊक असणे हेच ठेकेदाराचे काम, आणि त्याच कामाचे त्याने पैसे घेतले.

जोडणीचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा. अशा साखळीत (सिरीजमध्ये) सगळ्या पॅनलमधून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे सावलीतले पॅनल बाकीच्यांनाही ओढून खाली आणते. पॅनलमधले बायपास डायोड झाकलेला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात. ते नीट चालले आणि इन्व्हर्टरने (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राने) सर्वाधिक वीज मिळेल तो बिंदू पकडला, तर दोन पॅनल गेल्यावर सावलीच्या वेळात साधारण एक तृतीयांश तूट यावी. तुमची निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे सेटिंग किंवा जोडणीतही खोट असू शकते. काही इन्व्हर्टरमध्ये सावलीसाठी वेगळे सेटिंग असते, ते सुरू आहे का हे आधी विचारा. तीन-तीन पॅनलच्या दोन स्ट्रिंग समांतर जोडल्या तर सावली नसलेली स्ट्रिंग वाचते, पण व्होल्टेज निम्मे होते आणि ते इन्व्हर्टरच्या किमान मर्यादेखाली गेले तर तो चालूच होणार नाही. म्हणून ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनलची वीज स्वतंत्रपणे सांभाळणारे उपकरण), मायक्रोइन्व्हर्टर (पॅनलमागे बसणारा छोटा इन्व्हर्टर) किंवा ती दोन पॅनल हलवणे, यांपैकी काय जमेल ते ठेकेदाराकडून लेखी मागा.

ठेकेदार महावितरणच्या मंजुरीकडे बोट दाखवील. त्या मंजुरीने त्याच्या आखणीची जबाबदारी संपत नाही. मात्र कोटेशनमध्ये 'सावलीची जबाबदारी ग्राहकाची' अशी ओळ आहे का, हे नीट वाचा. असेल तर तुमची बाजू थोडी कमकुवत होते, संपत नाही. पीएम सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये अनुदान घेतले असेल, तर ठेकेदारावर 5 वर्षांच्या देखभालीचेही बंधन आहे.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्या, 15 दिवसांची मुदत ठेवा. दाद मिळाली नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली साताऱ्याच्या जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार करा. यंत्रणेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मुदत 2 वर्षांची, ती यंत्रणा बसवल्याच्या दिवसापासूनच धरून चाला. पुराव्यासाठी वेळ दिसेल असे सावलीचे फोटो, ॲपमधले मे आणि डिसेंबरचे आकडे आणि दुसऱ्या इंजिनिअरचा लेखी अहवाल जोडा. तो अहवाल हाती येईपर्यंत जोडणीला कोणालाही हात लावू देऊ नका.