जुनं एचएमटी घेताय? आधी डायल बघा

पहिलं घड्याळ म्हणून एचएमटी जनता (हाताने चावी द्यायचं मॉडेल) घेत असाल तर डायल भिंगाखाली धरा. अक्षरं जाड, फिसकटलेली किंवा रंग नको इतका भडक दिसला, तर डायल पुन्हा रंगवलेली आहे, सोडून द्या. चावी रोज ठरावीक वेळी द्या, अडली की थांबा.

पट्ट्यासाठी लग्समधलं (पट्टा जिथे अडकतो त्या दोन टोकांमधलं) अंतर मोजा, बहुधा 18 मिमी. 20चा कोंबला तर कडा चुरगळतात, 16चा घातला तर स्प्रिंगबार (पट्टा अडकवणारी स्प्रिंगची दांडी) उघडा पडतो. लग्नाला पातळ काळं चामडं शोभतं. घामाने मात्र ते कुजतं, म्हणून रोजच्या धावपळीला नायलॉन. (पावसात हे घड्याळ नकोच, जुनं गास्केट, म्हणजे झाकणाखालची रबरी कडी, पाणी अडवत नाही.) स्टीलच्या पट्ट्याची कडी काढताना पिन आतल्या बाणाच्या दिशेनेच ठोका. उन्हाळ्यात मनगट फुगतं, करंगळी शिरेल इतका सैल ठेवा.