सांगलीत बंगल्यापुढचं लॉन पिवळं पडलंय, युरिया टाकू का?

थांबा, आधी खाली बसून पातं बघा. जुनी खालची पानं पिवळी असतील तर नत्र कमी, मग थोडा युरिया चालेल. पण कोवळं पातं पिवळं नि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात हे हमखास होतं, त्यावर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम घालून संध्याकाळी फवारा, फरशीवर मात्र उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. आणि सुकलेला ठिपका ओढल्यावर सतरंजीसारखा उचलून आला तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी आहे, उसातलीच, पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली, ती वेचून मेटारायझियम, म्हणजे हुमणी मारणारी बुरशी, टाका. पाणी रोज शिंपडू नका, माती वाळली की भरपूर द्या.