वडासाठी माणसं धावतात, बकुळीसाठी कोणी येत नाही

रत्नागिरीत तुमच्या शेजारचं जुनं घर पाडून इमारत उभी राहणार आहे. आवारात एक वड नि दोन बकुळी आहेत, त्यातलं राखण्याजोगं कुठलं आणि राखायचं कसं, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते तिन्ही राखा, पण आधी बकुळींकडे बघा.

जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीपाशी, टेप गुंडाळून खोडाचा घेर मोजा. वडाच्या खोडाला चिकटलेल्या पारंब्या वेगळ्या नोंदवा, नाहीतर आकडा फुगतो. मात्र नुसत्या घेरावरून वय ठरवू नका. रेन ट्री थोड्या वर्षांत अवाढव्य होतो, बकुळ सावकाश वाढते. बारीक दिसणारी बकुळ आजोबांच्या वयाची असू शकते. जुने फोटो शोधा. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना झाडाचा उल्लेख असतो का, तेही बघा. हे कागद फार मोलाचे आहेत. शहरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. शिवाय झाड तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. त्यामुळे वय कागदावर आलंच पाहिजे.

जागा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे ना, याची खात्री करा. हद्दीबाहेर हा कायदा चालत नाही. तिथे १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे आणि तो आंबा, फणस, चिंच, किंजळ अशा ठरावीक झाडांनाच लागू होतो.

आता मुळांचं. आमच्या आळीतल्या चिंचेला कुणी कुऱ्हाड लावली नव्हती. गटारासाठी एका बाजूने चर खणला, मुळं तुटली, नि दुसऱ्या पावसाळ्यात ती आडवी झाली. आजही तिथून जाताना जीव हळहळतो. आपल्याकडे जांभ्यावर मातीचा थर पातळ, मुळं खोल न जाता आडवी पसरतात. ब्रिटिश बांधकाम मानकात खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ न खणता ठेवायला सांगतात. तीन मीटर घेराच्या वडासाठी ते जवळजवळ साडेअकरा मीटर होतं. गल्लीत एवढं मिळणार नाही, पण जितकं मिळेल तितकं मागून घ्या. निदान बुंध्याभोवती सिमेंटचा पार नि फरशी होऊ देऊ नका.

फोटो, घेर नि नकाशा जोडून नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आराखडा मंजूर होण्याआधीच जा. एकदा मंजूर झाला की गटाराची रेघ हलवायला कोणी तयार होत नाही.