कुत्र्याला मांजरांसमोर शांत राहायला कसे शिकवावे?

आपला दीड वर्षाचा कुत्रा मांजर दिसताच पट्टा ओढत धावून जातो, दोन महिन्यांनी घरात मांजर येणार आहे आणि तोवर त्याला शांत राहायला शिकवायचे आहे, असे आपण विचारले आहे. माझ्याकडे एक कुत्री आणि एक बोका सहा वर्षांपासून एकत्र राहत आहेत. मात्र त्यांची पहिली भेट मीच बिघडवली होती, म्हणून त्या चुकीपासून सुरुवात करते.

कुत्री 'बस' म्हटले की बसत असे. मी तिला बोक्यासमोर बसवले, ती बसली आणि मी निर्धास्त झाले. तिचे तोंड घट्ट मिटलेले होते, कान पुढे ताठ होते, नजर हलत नव्हती आणि नाकाशी धरलेला खाऊसुद्धा ती घेत नव्हती. हे सारे मला दिसत होते, पण त्याचा अर्थ कळत नव्हता. बोका कपाटाकडे सरकला मात्र, पट्टा माझ्या हातातून निसटला. कपाट उंच होते म्हणून निभावले.

रोखून पाहणे, दबा धरणे, पाठलाग, पकड आणि चावा ही शिकारीची साखळी कुत्र्यांमध्ये उपजत असते. मेंढ्या राखणाऱ्या जातींमध्ये माणसाने निवड करून तिच्या सुरुवातीच्या कड्या ठळक केल्या, तर उंदीर-घुशी मारण्यासाठी जोपासलेल्या टेरियर जातींमध्ये शेवटच्या कड्याही टिकवल्या. पाठलाग एकदा सुरू झाला की हाका मारून फारसा उपयोग होत नाही. म्हणून काम पहिल्या कडीवर, म्हणजे नजरेवर, करावे लागते. ओरडण्याने किंवा पट्ट्याला हिसका देण्याने उलटाच परिणाम होण्याचा धोका असतो, कारण मांजर दिसले की आपल्याला त्रास होतो एवढेच कुत्रा त्यातून शिकतो.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे ते अंतर. ज्या अंतरावर कुत्र्याला मांजर दिसते, तरीही तो नावाला ओ देतो आणि खाऊ घेतो, ते अंतर शोधावे. ते 10 मीटर असेल किंवा 40. त्याची नजर मांजरावर पडताच त्याला आवडीचा खाऊ द्यावा आणि मांजर दिसेनासे झाले की खाऊ थांबवावा. हा क्रम उलटू देऊ नये. खाऊची पिशवी आधी बाहेर आली तर कुत्रा पिशवीकडेच पाहत राहतो. पाच मिनिटांचा सराव पुरतो. काही दिवसांनी मांजर दिसताच तो आपण होऊन तुमच्याकडे मान वळवू लागेल, आणि तेव्हाच अंतर थोडे कमी करावे. तो झेपावला, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे.

मांजर घरी आल्यावर आधी त्याला वेगळी खोली द्यावी, दोघांच्या अंथरुणांची अदलाबदल करून वास ओळखीचा होऊ द्यावा, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, त्यानंतर जाळीचे फाटक आणि शेवटी कुत्रा पट्ट्यात असताना समोरासमोर भेट, असे टप्पे ठेवावेत. मांजराला चढायला उंच जागा आणि निसटायला वाट हवीच, कारण ते कोंडीत सापडले तर नख्या काढते आणि पळत सुटले तर कुत्र्याला पाठलागाचे निमंत्रणच मिळते. (त्याची शी-शूची मातीची पेटीही कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवावी; का, ते लवकरच कळेल.)

पिल्लाला तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या वयात इतर प्राण्यांची ओळख सहज होते. दीड वर्षाच्या कुत्र्याला त्यासाठी काही महिने लागू शकतात, तेव्हा दोन महिन्यांची मुदत मनातून काढून टाकावी. घरच्या मांजराशी जुळले म्हणजे रस्त्यावरच्या मांजराशीही जुळेल, असे धरून चालू नये. ससे, पक्षी आणि हॅमस्टर यांच्याजवळ तर कितीही शहाण्या कुत्र्याला एकटे सोडू नये. भुंकत धावणाऱ्या कुत्र्यापेक्षा आवाज न करता दबा धरणाऱ्याची मला अधिक काळजी वाटते. आपला कुत्रा तसा असेल किंवा त्याने पूर्वी एखादा प्राणी मारला असेल, तर पशुवैद्याला विचारून बक्षीस-पद्धतीने शिकवणारा प्रशिक्षक गाठावा आणि कुत्र्याला जाळीदार मुसक्याची सवय लावावी.

आमची दोघे आता एकाच गालिच्यावर झोपतात. तरीही मी बाहेर पडताना दोघांमधले फाटक आजही लावूनच जाते.