ईस्ट व्हिलेजमध्ये सकाळी रांग लागते ते घर काय आहे? जेवणाच्या बदल्यात धर्म बदलायला लावतात का? हिंदू मुलाने मदतीला गेलेलं चालतं का?

तुम्ही विचारलंय की मॅनहॅटनला ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवर एका जुन्या इमारतीबाहेर सकाळी बेघर लोकांची रांग दिसते, कॅथलिक लोक चालवतात असं कुणीतरी सांगितलं, तर हे नक्की काय आहे, खायला घालून धर्मांतर करतात का, आणि तुम्ही हिंदू असून मदतीला गेलात तर चालेल का.

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. नाही, करत नाहीत. आणि हो, चालेल, खुशाल जा. मी सोलापूरकडची, आमच्या घरात वारी आहे, आजोबा माळकरी होते, आणि मी न्यू जर्सीहून पाथ ट्रेन पकडून जमेल तशी सकाळी तिथे स्वयंपाकाला हात लावायला जाते (माझी लॅबची शिफ्ट दुपारची असते म्हणून जमतं). तू कुठल्या देवाला मानतेस असं मला आजवर तिथे एकानेही विचारलेलं नाही. जेवायला येणाऱ्यांना तर नाव सुद्धा विचारत नाहीत, सांगितलं तर सांगितलं.

तुमची शंका मात्र रास्त आहे. जवळच बावरी नावाचा रस्ता आहे, एकेकाळी अख्ख्या अमेरिकेत दारुड्यांचा रस्ता म्हणून बदनाम होता, तिथल्या काही मिशनांमध्ये आधी भजन-प्रवचन ऐका आणि मग सूप घ्या अशी पद्धत असायची. या घराने ते पहिल्यापासून टाळलं.

आता हे घर काय ते सांगते. त्याचं नाव सेंट जोसेफ हाउस, दोन रस्ते पलीकडे थर्ड स्ट्रीटवर बायकांसाठी मेरीहाउस आहे, तिथे पूर्वी म्युझिक स्कूल होतं. दोन्ही घरं कॅथलिक वर्कर नावाच्या चळवळीची. ही चळवळ सुरू केली डोरोथी डे नावाच्या बाईंनी आणि पीटर मॉरिन नावाच्या एका फ्रेंच माणसाने, १९३३ साली. मंदीचा काळ, अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार. डोरोथीबाई पत्रकार होत्या, डाव्या विचारांच्या, तरुणपणी मोर्चे, तुरुंग, सगळं करून झालेलं, मुलगी झाल्यावर १९२७ मध्ये त्या कॅथलिक झाल्या आणि त्यापायी ज्याच्यावर प्रेम होतं त्या जोडीदाराशी फारकत घ्यावी लागली कारण त्याला धर्म आणि लग्न दोन्ही मान्य नव्हतं. म्हणजे एकीकडे जुने कॉम्रेड म्हणणार ही गेली चर्चच्या नादी आणि दुसरीकडे चर्चवाले म्हणणार ही कम्युनिस्ट. डिसेंबर १९३२ मध्ये वॉशिंग्टनला भुकेल्यांचा मोर्चा निघाला, त्या बातमीसाठी गेल्या होत्या, तिथे चर्चमध्ये रडून प्रार्थना केली की मला माझ्या माणसांसाठी काहीतरी काम दे, आणि घरी परत येतात तो हा मळक्या सुटातला मॉरिन भेटायला आलेला. मी स्वतः चमत्कार वगैरे फार मानत नाही पण ही गोष्ट वाचली की मला बरं वाटतं.

१ मे १९३३ ला त्यांनी युनियन स्क्वेअरमध्ये कामगार दिनाच्या गर्दीत आपला पेपर विकायला काढला, किंमत एक सेंट. काही वर्षांतच खप लाखाच्या वर गेला. किंमत आजही एक सेंटच आहे. पेपरात मॉरिन लिहायचा की प्रत्येक धर्मगुरूने, प्रत्येक कुटुंबाने एक खोली परक्या माणसासाठी ठेवावी, पूर्वी मठांमध्ये वाटसरूला ठेवून घ्यायचे तशी घरं पुन्हा उभी राहावीत. आता असं छापल्यावर वाचणारे दाराशी येऊन उभे राहणारच ना, की बाबांनो कुठंय ते घर. मग एक फ्लॅट घेतला, मग दुसरा, मग मॉट स्ट्रीटवर मोठी जागा, तिथे रोज शेकडो लोक कॉफी आणि पावासाठी रांग लावायचे. आज अशी शंभराच्या वर घरं आहेत, बहुतेक अमेरिकेत, थोडी बाहेरच्या देशांत, आणि त्यांचं मुख्यालय असं काही नाही, प्रत्येक घर आपापलं चालतं.

सरकारी शेल्टरपेक्षा वेगळं काय असं तुम्ही विचारलेलं नाही, पण खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं म्हणून लिहिते. न्यूयॉर्कमध्ये बेघर माणसाला निवारा मिळणं हा कायदेशीर हक्क आहे, १९७९ साली कोर्टात केस झाली, १९८१ मध्ये शहराने लेखी मान्य केलं, आणि हे फार मोठं काम झालं, त्याला मी कधीच नावं ठेवणार नाही, एवढ्या हजारो माणसांना छप्पर द्यायचं तर ते सरकारच करू शकतं. पण शेल्टरमध्ये तुम्ही केस असता, फाइल असते, कामाला येणारे संध्याकाळी आपल्या घरी जातात. इथे काम करणारे त्याच इमारतीत राहतात, त्यांना पगार नाही, जेवण, खोली आणि वरखर्चाला थोडे पैसे. एकच बाथरूम, एकच टेबल, एकच सूप. बेघर होता म्हणून आलेला माणूस चार वर्षांनी दारावर बसून फोन घेत असतो, नवीन आलेल्याला तो कामवालाच वाटतो आणि खरं तर तो आहेच.

डोरोथीबाईंना एका सोशल वर्करने विचारलं होतं की तुम्ही लोकांना किती दिवस राहू देता. त्यांनी सांगितलं, कायम. इथे राहतात, इथेच मरतात, आम्ही त्यांना माती देतो आणि मागून त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्या स्वतः १९८० साली मेरीहाउसमध्येच वारल्या, ज्या बायकांना आसरा दिला त्यांच्याच शेजारच्या खोलीत म्हणा ना.

व्यसनातून बाहेर येणाऱ्यांच्या बाबतीत ही ‘कायम’ वाली गोष्ट फार महत्त्वाची आहे. हे घर म्हणजे रिहॅब, व्यसनमुक्ती केंद्र नाही, तिथे डॉक्टर नाहीत, काउन्सेलर नाहीत, ज्याला डिटॉक्स, म्हणजे अंगातली दारू उतरवायचे उपचार लागतात त्याने हॉस्पिटललाच गेलं पाहिजे कारण दारू एकदम तोडली की जीवावर बेतू शकतं. पण हॉस्पिटल झालं, रिहॅबचे अठ्ठावीस दिवस झाले, पुढे काय? माणूस हातात पिशवी घेऊन बाहेर पडतो आणि त्याला ओळखणारी माणसं जुन्याच नाक्यावर उभी असतात. किचनमध्ये सूप करणारे एक काका आहेत, साठी उलटलेली, बोलणं कमी. ते मला एकदा म्हणाले की सकाळ काही अवघड नसते गं, अवघड असते ती संध्याकाळी सहानंतरची वेळ, त्या वेळेला हाताला काहीतरी पाहिजे. तर त्यांनी स्वतःहून घेतलेलं काम म्हणजे संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे बीन्स निवडून भिजत घालायचे. मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं, ते टेबलावर बीन्स पसरतात, एकेक खडा बाजूला काढतात, धुतात, पाणी बोटाच्या दोन पेरांवर येईपर्यंत ओततात, झाकण ठेवतात आणि मग कोट चढवून मीटिंगला जातात. सकाळी आले की आधी एक दाणा नखाने दाबून बघतात, मनासारखा फुगला असेल तर मान हलवतात. सुपाचं मीठ दुसऱ्या कुणी घातलेलं त्यांना चालत नाही. हे कुठल्या ट्रीटमेंट प्लॅनमध्ये बसत नाही पण शंभर माणसं उद्या सकाळी आपल्या बीन्सची वाट बघणार आहेत हे माहीत असलं की संध्याकाळ निघते, असं मी डोळ्यांनी बघितलंय.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना, आणि तिचा उगमसुद्धा असल्याच एका घराशी जोडलेला आहे. १९३४ च्या शेवटाला बिल विल्सन नावाचा दारूने धुळीला मिळालेला शेअर बाजारातला माणूस पिऊनच ईस्ट २३व्या रस्त्यावरच्या कॅल्व्हरी मिशनमध्ये गेला, कारण त्याचा जुना पिणारा दोस्त तिथे राहून सुधारला होता. नंतर काही दिवसांनी तो दारूसाठी शेवटच्या वेळी हॉस्पिटलमध्ये भरती झाला, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये ओहायोतल्या अॅक्रन गावी डॉ. बॉब नावाच्या दुसऱ्या दारू सोडणाऱ्या डॉक्टरबरोबर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे एएची सुरुवात झाली. ते मिशन एका चर्चचं होतं. म्हणजे बेघरांना ठेवून घेणारं घर आणि दारू सोडणं हे नातं जुनंच आहे. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं, माउंट कार्मेल चर्चच्या आवारात, ते अय्यंगार गुरुजींचे शिष्य, त्यामुळे एएच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या आणि योगासनं दोन्ही, आणि तिथे सगळ्या धर्मांचे लोक येतात.

पैशाचं विचाराल तर सरकारी ग्रँट घेत नाहीत. आपल्याकडे ८०-जीची पावती असते तशी टॅक्स सवलतीची पावतीही देणगीदाराला मिळत नाही कारण त्यांनी तशी नोंदणीच मुद्दाम केली नाही, डोरोथीबाई म्हणायच्या की परोपकाराला सरकारची परवानगी कशाला. १९७२ मध्ये टॅक्सवाल्यांनी जवळपास तीन लाख डॉलरची नोटीस पाठवली होती, मग लोकांची टीका झाली आणि मागे घेतली. त्याआधी १९६० मध्ये शहराने त्यांची एक इमारत ताब्यात घेतली, मोबदला दिला, द्यायला उशीर झाला म्हणून वर साडेतीन हजार डॉलर व्याज दिलं, तर बाईंनी व्याज तेवढं परत पाठवलं की आमचा व्याज खाण्यावर विश्वास नाही. विचार करा, घरात माणसं भुकेली, बिलं थकलेली, आणि व्याज परत! एकदा कुणीतरी हिऱ्याची अंगठी दान दिली तर ती त्यांनी नेहमी जेवायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला देऊन टाकली. लोक म्हणाले विकून भाडं भरता आलं असतं, तर म्हणाल्या तिला विकायची तर ती विकेल, नाहीतर घालून मिरवेल, देवाने हिरे काय फक्त श्रीमंतांसाठी केलेत? मला हे पूर्णपणे पटतं असं नाही, भाडं थकवणं काही पुण्याचं काम नाही, पण गरिबाला पण हौस असते हे मानणारी संस्था मी तरी दुसरी बघितली नाही.

धर्म मग कुठे आहे? धर्म करणाऱ्यांच्या बाजूला आहे. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी भुकेला होतो तुम्ही खायला दिलं, परका होतो तुम्ही आत घेतलं, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो. हे लोक ते शब्दशः घेतात, दाराशी उभा आहे तो तोच आहे. आणि हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गाडगेबाबांची दशसूत्री आठवली, भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, शेवटी दुःखी आणि निराशांना हिंमत. बाबांचा जन्म १८७६ चा, मॉरिनचा १८७७ चा, दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, दोघेही अंगावरच्या कपड्यांनिशी फिरले. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे पेशंट राहतात ती तुम्ही बघितली असेल तर या घराचा आत्मा कळायला तुम्हाला वेळ लागणार नाही. गांधीजी गेले तेव्हा कॅथलिक वर्करने त्यांना श्रद्धांजली वाहिली होती, आणि १९७० मध्ये डोरोथीबाई कोलकात्याला मदर तेरेसांना भेटून आल्या.

सगळं गोड गोड आहे असं समजून जाऊ नका. वास येतो, भांडणं होतात, मनाचा आजार असलेली माणसं ओरडतात, कधी तुमच्यावर ओरडतात. मन लावून काम करणारी तरुण मुलं वर्ष-दोन वर्षांत थकून निघून जातात. आणि खाटा मोजक्याच, त्यामुळे थंडीत दाराशी आलेल्या माणसाला जागा नाही असं सांगावं लागतं, ते सांगणाऱ्याचा चेहरा बघवत नाही. अशी घरं कितीही झाली तरी परवडणारी भाड्याची घरं शहराने बांधली नाहीत तर रांग कमी होणार नाही, आणि हे तिथले लोकच सगळ्यात मोठ्याने सांगतात, त्यासाठी रस्त्यावर बसून अटकही करून घेतात.

जायचं ठरवलंत तर आधी फोन करून सूपची वेळ विचारून घ्या आणि थोडं आधी पोचा. बंद बूट घाला. मोबाइल खिशात, फोटो अजिबात नाही, रांगेतल्या कुणाच्या घरच्यांना तो कुठे आहे हे माहीत नसतं. तुम्ही इथे कसे आलात असं कुणाला विचारू नका, सांगावंसं वाटलं की माणूस भांडी विसळता विसळता स्वतःहून सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी मेरीहाउसमध्ये बऱ्याचदा कुणाचं तरी भाषण आणि चर्चा असते, ती सगळ्यांना खुली, चहा मिळतो. आणि रिकाम्या हाताने जायचं नसेल तर पुरुषांचे जाड, नवे मोजे घेऊन जा, कपड्यांच्या खोलीत सगळ्यात आधी तेच संपतात.