वाचकांचे प्रश्न : मुलांचा खेळ, क्लबची फी आणि अमेरिकेतल्या कॉलेजची शिष्यवृत्ती

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी नववीत असून तीन वर्षांपासून व्हॉलीबॉल क्लबकडून खेळते. क्लबची वर्षाची फी साडेसहा हजार डॉलर आहे. परगावच्या टूर्नामेंटचा प्रवास, हॉटेल, गणवेश आणि खासगी प्रशिक्षण धरून गेल्या वर्षी एकूण सोळा हजार डॉलर गेले. ती लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या रांगेत बचाव करणारी खेळाडू, म्हणून खेळते; उंची पाच फूट पाच इंच. दोन विद्यापीठांच्या कोचकडून उन्हाळी शिबिराच्या ईमेल आल्या आहेत. यजमानांचे म्हणणे असे की एवढा खर्च झाल्यावर आता मागे हटायचे नाही. उलट चार हजार डॉलर भरून कॉलेजच्या कोचशी गाठ घालून देणारी एजन्सी लावायची, शिष्यवृत्ती मिळाली की सगळे वसूल होईल. हे गणित बरोबर आहे का? – सौ. मे. का., एडिसन

उत्तर : गणित बरोबर नाही, आणि ते कुठे चुकते हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. वर्षाला सोळा हजार या दराने बारावीपर्यंतच्या चार वर्षांत चौसष्ट हजार डॉलर होतील. आपल्याच राज्यातील रटगर्स विद्यापीठात राज्यातील रहिवासी विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क वर्षाला सुमारे अठरा हजार डॉलर पडते. म्हणजे राहण्या-जेवणाचा खर्च वगळला, तर चार वर्षांच्या पदवीचे बहुतेक शुल्क आपण ती पदवी सुरू होण्याआधीच क्लबला, हॉटेलांना आणि विमान कंपन्यांना देऊन बसणार आहात. हेच पैसे शिक्षणासाठीच्या ५२९ योजनेत टाकले असते, तर त्यावरची वाढही शिक्षणासाठी वापरताना केंद्रीय करातून सुटली असती.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील शाळांमध्ये साडेचार लाखांहून अधिक मुली व्हॉलीबॉल खेळतात. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, मुलींचे संघ साडेतीनशेच्या आसपास आहेत आणि अनेक वर्षे प्रत्येक संघाला जास्तीत जास्त बारा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. सगळ्या संघांनी सगळ्या शिष्यवृत्त्या दिल्या असे धरले, तरी बारावी संपवून येणाऱ्या मुलींसाठी दर वर्षी जेमतेम हजारभर जागा मोकळ्या होतात, आणि त्या वर्षी शाळा संपवणाऱ्या खेळाडू मुली लाखाच्या वर असतात. त्या हजार जागांवरही परदेशी मुली आणि दुसऱ्या कॉलेजातून बदली करून येणाऱ्या खेळाडू हक्क सांगतात. २०२४ पासून खेळाडूला कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळता येते. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीवर डाव लावण्यापेक्षा कॉलेजच्या सामन्यांत तावून सुलाखून निघालेली वीस वर्षांची खेळाडू घेणे कोचला सोयीचे वाटू लागले आहे. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेविरुद्ध खेळाडूंनी केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवरील शिष्यवृत्तीसंख्येचे बंधन गेले आणि त्याऐवजी संघात किती जण असावेत याची मर्यादा आली. व्हॉलीबॉलसाठी ती अठरा आहे. श्रीमंत विद्यापीठांत त्यामुळे काही मुलींना जास्त पैसे मिळतील, पण शिष्यवृत्तीविना संघात शिरून पुढे जागा कमावण्याची वाट अरुंद झाली आहे.

शिबिराच्या ईमेलबद्दल स्पष्टच लिहितो, कारण अनेक घरांत याच ईमेल छापून फ्रिजवर लावल्या जातात. नियमाप्रमाणे दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी डिव्हिजन वनचा व्हॉलीबॉल कोच मुलीला निवडीसंबंधी व्यक्तिगत पत्र पाठवू शकत नाही किंवा फोन करू शकत नाही. त्याआधी येतात ती शिबिराची माहितीपत्रके आणि प्रश्नावल्या, आणि त्या शेकडो मुलींना एकाच वेळी जातात. शिबिराची फी हा त्या कोचच्या आणि साहाय्यकांच्या कमाईचा एक भागही असतो. खरा रस असेल तेव्हा पत्राचा सूर वेगळा असतो : अमुक टूर्नामेंटमध्ये तमुक संघाविरुद्ध तिने घेतलेली सर्व्हिस पाहिली, गुणपत्रक पाठवा, अमुक दिवशी फोनवर बोलू. असे पत्र योग्य काळात येईपर्यंत आपल्याला निवडीचे बोलावणे आलेले नाही, असेच समजावे.

लिबेरोची जागा हा वेगळा मुद्दा आहे. जाळ्याची उंची मुलींसाठी २.२४ मीटर, म्हणजे सव्वासात फुटांहून थोडी अधिक असते. त्यामुळे पुढच्या रांगेसाठी कोच सहा फुटांच्या आसपासच्या मुली शोधतात, आणि पाच फूट पाच इंचांच्या मुलीला मागच्या रांगेत जागा मिळते. मात्र संघात लिबेरो आणि बचावपटू मिळून मोजक्याच मुली असतात आणि शिष्यवृत्तीचा पैसा आधी उंच मुलींकडे वळतो. मुलगी चांगली खेळत असेल यात मला शंका नाही. प्रश्न तिच्या गुणांचा नसून जागांचा आहे.

तरीही खेळाचा कॉलेजप्रवेशाला उपयोग होतच नाही असे नाही, फक्त तो बहुतेक पालक पाहतात त्या ठिकाणी होत नाही. डिव्हिजन थ्री या तिसऱ्या श्रेणीतील कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, आणि प्रिन्स्टनसह आयव्ही लीग या नामांकित गटातील आठही विद्यापीठे डिव्हिजन वनमध्ये असूनही देत नाहीत. परंतु यांपैकी अनेक ठिकाणी कोचच्या शिफारशीला प्रवेशसमितीपुढे वजन असते, आणि आर्थिक मदत कुटुंबाच्या उत्पन्नावर किंवा विद्यार्थ्याच्या गुणांवर मिळते. एमआयटी, शिकागो विद्यापीठ, न्यूयॉर्क विद्यापीठ, होबोकनचे स्टीव्हन्स, ही सगळी डिव्हिजन थ्रीची आहेत. आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे ज्या संस्था असतात त्यांतल्या कितीतरी या यादीत बसतात, आणि तिथे गणिताची गुणपत्रिका स्पाइकइतकीच, बहुधा जास्तच, पाहिली जाते.

एजन्सी लावू नये. ती जे करते, म्हणजे तीन-चार मिनिटांची चित्रफीत तयार करणे, कोचचे पत्ते काढणे आणि पत्रे पाठवणे, ते मुलीला स्वतः करता येते. कोचना मर्यादा आहे, मुलीला नाही. ती आज रात्रीही पत्र लिहू शकते. वडिलांच्या किंवा एजन्सीच्या भाषेतले पत्र कोचला पहिल्या ओळीत ओळखू येते. ‘खेळाडू म्हणून प्रवेश नक्की करून देतो’ असे कोणी म्हणालेच, तर २०१९ मध्ये उघडकीला आलेले प्रवेश घोटाळ्याचे प्रकरण आठवावे : न खेळणाऱ्या मुलांची खोटी खेळाडू-कागदपत्रे बनवणाऱ्या रिक सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली आणि कित्येक पालकही तुरुंगात गेले.

क्लब बंद करा असे मी म्हणणार नाही. यजमानांना एकच प्रश्न विचारा : शिष्यवृत्ती कधीच मिळणार नाही असे आज कळले, तर या खेळावर आपण वर्षाला किती खर्च केला असता? तो आकडा पाच हजार असेल, तर जवळपासच्या टूर्नामेंट खेळणारा क्लब शोधावा, आणि परगावच्या सामन्यांसाठी ठरावीक महागडी हॉटेलेच घेण्याची सक्ती करणारी वेळापत्रके टाळावीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना एकाच खेळातून वर्षाला दोन-तीन महिने विश्रांती घ्यावी असे सांगते. वाचलेला उन्हाळा त्यासाठीही उपयोगी पडेल.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये असतो. नातू बेसबॉल खेळतो आणि फिरत्या संघाच्या खर्चासाठी मुलाने माझ्याकडे आठ लाख रुपये मागितले आहेत. निवृत्तीच्या पैशांची मुदत ठेव मोडावी का? – एक आजोबा, नाशिक

उत्तर : मोडू नये. बेसबॉलमध्ये वर्षानुवर्षे डिव्हिजन वनच्या एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्या मिळत आणि त्या तीसएक खेळाडूंत तुकड्यातुकड्यांनी वाटल्या जात. आताही पूर्ण शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळते. नातवाला काही द्यायचेच असेल, तर औषधपाण्याची तरतूद बाजूला ठेवून झेपेल तेवढी रक्कम त्याच्या शिक्षणासाठी द्यावी आणि ती कशासाठी आहे हे मुलाला आधीच स्वच्छ सांगावे. नकार देताना वाईट वाटून घेऊ नये. चिरंजीवांचा हा खर्च त्यांच्या पगारातूनच व्हायला हवा.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे आणि टेनिस खेळतो. अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी एक सल्लागार सहा लाख रुपये मागतो. आम्ही फसतो आहोत का? – श्री. वि. ग., पुणे

उत्तर : वरच्या एडिसनच्या पालकांपेक्षा आपली स्थिती थोडी निराळी आहे, कारण टेनिस हा परदेशी खेळाडूंना मागणी असलेला खेळ आहे, डिव्हिजन वनच्या टेनिसमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू अमेरिकेबाहेरचे असतात. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ असा सलग दोनदा राष्ट्रीय विजेता झाला, आणि आपली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये खेळून पुढे आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेऊन आली. परंतु कोच सल्लागाराकडे पाहत नाहीत. ते मुलाचे यूटीआर, म्हणजे सामन्यांच्या निकालांवरून ठरणारे मानांकन, आणि सामन्यांची न कापलेली चित्रफीत पाहतात. मानांकन पुरेसे असेल, तर वीस-तीस पत्रांना दोन-चार उत्तरे येतातच, आणि नसेल तर सहा लाखांनी ते वाढत नाही.

खेळाडूंना जाहिरातीतून मिळणाऱ्या पैशांच्या बातम्या वाचून हिशेब मांडू नका. विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत कमाई करण्यावर बंधने आहेत. बारावीनंतर वर्ष-दोन वर्षे नुसत्या स्पर्धा खेळण्यात घालवली, तर कॉलेजात खेळण्याचा पात्रताकाळ कमी होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. तूर्त एक काम मात्र लगेच करावे. खेळाडूची कॉलेजात खेळण्याची पात्रता तपासणारे एनसीएएचे केंद्र नववीपासूनचे गुण मागते, आणि आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की नववीचे प्रगतिपुस्तक रद्दीत जाते. ते शाळेतून शिक्क्यासह पुन्हा मिळवून ठेवा. मुख्याध्यापक बदलल्यावर हेच काम महिनोन्‌महिने रेंगाळते.