आधी कागद, मग घर

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. न्यू यॉर्कमध्ये भाड्याने लाँग आयलंड सिटीतला काचेचा टॉवर घ्यावा की वुडसाइडची ती जुनी विटांची इमारत, या घोळात तुझी झोप उडालेली दिसतेय. खिडक्या, लिफ्ट, जिम, सात नंबरच्या गाडीचं स्टेशन, सगळं सविस्तर लिहिलंस. आणि घर रेंट-स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढ कायद्याने बांधलेली असं, आहे का, याबद्दल एकच ओळ: "ब्रोकर म्हणाला, बहुतेक आहे. कागद मागितला तर मालक रागावेल, आणि माणूस चांगला वाटतो."

अगं, रागावू दे की! चांगला माणूस उद्या इमारत विकून फ्लोरिडाला जाईल. पुढचा कसा निघेल, कोणी सांगावं? तुझ्या हातात राहील तो कागद. आधी कागद, मग घर. लिफ्टचं नंतर बघू.

वुडसाइडची इमारत 1974 च्या आधीची आहे आणि सहापेक्षा जास्त घरं आहेत म्हणतेस, म्हणजे घर या कायद्यात असण्याची शक्यता चांगली. पण ती शक्यताच. 2019 चा कायदा येईपर्यंत भाडं एका मर्यादेपलीकडे गेलं आणि घर रिकामं झालं, की मालकाला ते कायद्याबाहेर काढता यायचं. अशी हजारो घरं गेली. त्यामुळे एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन दारांपैकी एक आत आणि एक बाहेर, असंही असतं. दरवर्षीची भाडेवाढ ठरवणाऱ्या रेंट गाइडलाइन्स बोर्डाच्या संकेतस्थळावर इमारतींची यादी आहे, तिथे आज रात्रीच पत्ता शोध. फक्त ती यादी इमारतीची आहे, तुझ्या दाराची नाही.

टॉवर नवा आहे म्हणून तो या कायद्यात बसत नाही, असंही धरून चालू नकोस. 421-ए ही करसवलत घेतलेल्या इमारतींमधली कित्येक घरं सवलत चालू असेपर्यंत स्टॅबिलाइज्ड असतात. तेही लेखी विचार. आणि 'दोन महिने फुकट' वाचून हुरळू नकोस. जाहिरातीतलं भाडं ते दोन महिने वर्षभरावर वाटून काढलेलं असतं. लीजवरचा आकडा मोठा असतो. तू तुलना कुठल्या आकड्याशी केलीस?

आता मन लावून वाच. सही करण्याआधी स्टॅबिलाइज्ड घराच्या लीजला जोडायचा पुरवणी कागद, म्हणजे रायडर, माग. आधीच्या भाडेकरूचं भाडं किती होतं आणि तुझं कसं ठरलं, हे त्यात लिहावं लागतं. किल्ली मिळाली की त्याच आठवड्यात डीएचसीआरकडे, म्हणजे राज्याच्या घरांच्या खात्याकडे, त्या घराच्या भाड्याचा इतिहास मागव. पैसे पडत नाहीत, पोस्टाने घरी येतो. दिसायला अगदी रुक्ष कागद: दरवर्षीची एक ओळ, त्यात भाडेकरूचं नाव, कायदेशीर भाडं, लीज कधीपासून कधीपर्यंत. मध्ये चार-पाच वर्षं नोंदच नाही आणि त्यानंतर भाडं एकदम दुप्पट झालेलं दिसलं, तर तिथे बोट ठेव आणि मला फोन कर. मालकाने जाणूनबुजून जास्त घेतलं असेल, तर जादा रकमेच्या तिप्पट परत करायला लावता येतं. आमच्या मजल्यावरच्या एका आजींना असेच पैसे परत मिळाले. त्या इंग्रजी जेमतेम बोलायच्या, पण आलेला प्रत्येक कागद बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायच्या.

तुझा पगार जास्त आहे म्हणून असं घर मिळणार नाही, हे तुला कोणी सांगितलं? ती उत्पन्नाची अट सोडतीने मिळणाऱ्या, लॉटरीच्या घरांची. साध्या स्टॅबिलाइज्ड घराला तशी अट नाही. उलट वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट आहे का, हेच मालक बघतो. आईला सांग, इथे पागडी नाही. घर देण्यासाठी कोणी वरचे पैसे मागितले तर ते बेकायदेशीर आहे. डिपॉझिट एकाच महिन्याचं, आणि जून 2025 पासून ब्रोकरचे पैसे ज्याने ब्रोकर नेमला त्याने द्यायचे.

मी इतकी का तडतडते, ते सांगते. आमच्याबरोबरचे सगळे न्यू जर्सीत एडिसनला गेले, घरं घेतली. तुझ्या काकांना अंगण हवं होतं, तुळस जमिनीत लावायची होती. ते राहून गेलं आणि त्याची खंत मला कायमची आहे. तरी मी हे स्टॅबिलाइज्ड घर सोडलं नाही. काकांची नोकरी गेली तेव्हा घर गेलं नाही. लीज संपली तरी मालकाला नवी द्यावीच लागत होती आणि वाढ बोर्ड ठरवेल तेवढीच. 2015 आणि 2016 ला तर बोर्डाने एक वर्षाच्या लीजवर शून्य टक्के वाढ दिली. लोक म्हणाले, भाड्यात आयुष्य घालवलंस. घालवलं. पण पोरांची शाळा बदलली नाही, आणि कुणाच्या मर्जीवर एक दिवस काढला नाही. एका वर्षी मालकाने लीजच्या नूतनीकरणाचा फॉर्म पाठवायचं टाळलं, तेव्हा मुदतीचा नियम दाखवून मी त्याला पत्र टाकलं, पोचपावतीसकट. फॉर्म आला. कशामुळे? हातात कागद होता म्हणून.

ऑक्टोबर 2025 ते सप्टेंबर 2026 मध्ये सुरू होणाऱ्या लीजवर वाढ एक वर्षासाठी 3 टक्के, दोन वर्षांसाठी 4.5 टक्के आहे. टॉवर स्टॅबिलाइज्ड नसेल, तर पुढच्या वर्षी तिथे किती वाढेल, विचारून बघ त्या ब्रोकरला. लेखी उत्तर माग.

घाई करावी लागेल, हे मला कळतं. 2023 च्या पाहणीत शहरातली भाड्याची जेमतेम 1.41 टक्के घरं रिकामी होती. चांगलं घर दुपारपर्यंत जातं. म्हणून पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट, ऑफिसचं पत्र आजच एका फाइलमध्ये लावून ठेव, म्हणजे धावपळ त्यात होणार नाही. शनिवारी वुडसाइडला मी तुझ्याबरोबर येते. रायडर समोर ठेवला तर वाचून सही कर. "नंतर देतो" म्हणाला, तर आपण दोघी उठून सरळ बाहेर पडू.

तुझी,
काकू